कागदी ताटलीवरची भोके

मी एक जुने, आखूड नळीचे रिव्हॉल्वर आहे. मित्रांनो, एवढे वाचूनच तुमच्यापैकी काही जण सावरून बसले असतील. माझ्या जातीच्यांच्या गोष्टींत चोर येतात, पाठलाग येतात. माझ्या गोष्टीत तसे काही नाही, आणि मला ती नीट सांगता येईल की नाही याचीही खात्री नाही. माझ्या गोष्टीत एक बाप आहे, एक मुलगी आहे, एक कुत्रा आहे आणि एक पत्र आहे. त्या पत्राला बापाने उत्तर दिले नाही.

ते पत्र लिहिले जात होते तेव्हा मी त्याच टेबलावर पडले होते, मिठाच्या डबीशेजारी. लेनोरा लिहीत होती आणि प्रत्येक ओळ सॉर्घमला वाचून दाखवीत होती. सॉर्घम म्हणजे तिचा कुत्रा. अमेरिकेतल्या आमच्या डोंगरात ज्वारीच्या धाटांची जी काकवी करतात तिला सॉर्घम म्हणतात. त्याचा रंग अगदी तसा होता. तो तिच्या पायावर हनुवटी टेकून ऐकत असे आणि वाक्य संपले की शेपटी एकदा जमिनीवर आपटत असे.

“डॅडी, रागावू नका,” तिने लिहिले होते. “तुम्ही दिलेलं पिस्तूल मला जमत नाही. ते उडालं की अंगठ्याच्या बेचक्यात असा दणका बसतो की पुढच्या गोळीआधीच माझे डोळे मिटतात. कुंपणावरचा डबासुद्धा लागत नाही. आईच्या त्या जड पिस्तुलानं मी लहानपणी डबे पाडायचे, आठवतं? माझा हातच वाईट आहे, की हे पिस्तूल माझ्यासाठी नाही? एवढंच सांगा. तुम्ही सांगाल ते मी मान्य करीन.”

सॉर्घमने शेपटी आपटली. तिने पाकीट चिकटवले.

आता थोडे माझ्याविषयी सांगते. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मी पुरते लोखंडाचेही नाही. माझा सांगाडा हलक्या धातूचा, फक्त गोळ्या भरायची फिरती चक्री आणि नळी पोलादाची. मला शेवटचे तपासणाऱ्या माणसाने तळहातावर झेलून पाहिले आणि शेजारच्याला म्हणाला, पाखरू आहे, पाखरू. त्या एका शब्दावर मी कित्येक वर्षे फुशारक्या मारीत राहिले. खिशात आहे की नाही हेसुद्धा कळत नाही, अशी माझी ख्याती. हलकेपणा हाच माझा मोठेपणा, असे मला वाटे.

त्याची दुसरी बाजू मला कोणी सांगितली नाही, आणि मीही विचारली नाही. गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच रेटा मागे येतो. जड पिस्तूल त्यातला बराचसा स्वतःच्या अंगावर झेलते. मी हलके, मी काहीच झेलत नाही, सगळा हाताच्या पदरात टाकते. माझी मूठ इतकी आखूड की करंगळीला धरायला जागा मिळत नाही, ती खाली लोंबकळत राहते. नळी तुमच्या मधल्या बोटाहून लहान. तिच्या टोकावरची नेमाची खूण आणि मागची खाच यांत अंतर इतके थोडे की इथे केसाएवढे चुकले तर तिथे वीतभर चुकते. लहान असण्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागतेच. माझ्या बाबतीत ती दुसऱ्यांनीच मोजली.

कारखान्यातून मी केंटकीच्या डोंगरात, पिजन फोर्क नावाच्या ओढ्याकाठी, झेल्मा नोबलच्या दुकानात आले. तिच्या दुकानात एका बाजूला मासे पकडायची गांडुळे मिळत आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. झेल्मा उंच, हाडापेराची बाई, तोंडाने फटकळ. दुकानामागे टेकडीच्या पोटाशी एक फळी उभी केली होती. रविवारच्या चर्चमधल्या जेवणातून उरलेल्या कागदी ताटल्या त्या फळीवर खिळ्याने ठोकायच्या आणि सात पावलांवरून त्यांवर नेम धरायचा, अशी तिथली रीत.

दर शनिवारी तिथे हॉलिस स्टॅम्पर येई. शाळेचे ग्रंथालय सांभाळणारा, लाजाळू, पुस्तकात नाक खुपसलेला माणूस. गावात सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याला माणसांशी बोलणे जड जाई, पण पिस्तुलांची तुलना करायला सांगा, चेहरा उजळत असे. एकाच जातीच्या गोळ्या दोन निरनिराळ्या पिस्तुलांतून उडवून कोणाचा धक्का कसा बसतो, कोणाच्या गोळ्या किती जवळजवळ पडतात, हे तो तासन्‌तास पाहत बसे. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवायचे, काडतुसावर आपटणारा मागचा घोडा अंगठ्याने आधी चढवून ठेवायचा आणि मग चाप अगदी हळू ओढायचा, म्हणजे माणसाची चूक मध्ये येत नाही, असे तो म्हणे. झेल्मा म्हणायची, “मास्तर नेमसुद्धा वाचून धरतात.” तो नुसता हसे.

पण त्याची एक युक्ती सगळ्या खोऱ्यात नावाजलेली होती. एखाद्याचा नेम सारखा खाली जाऊ लागला की हॉलिस पाठ फिरवून त्याचे रिव्हॉल्वर भरे आणि चक्रीत एक आधीच उडालेले, रिकामे काडतूस गुपचूप घाली. माणूस चाप ओढी. रिकाम्यावर नुसता खट्‌ असा आवाज येई, गोळी सुटत नसे, तरी पिस्तुलाचे नाक कोंबडीने दाणा टिपावा तसे खाली जाई. धक्का बसण्याआधीच हात त्याला घाबरून वाकतो, हे मग त्या माणसाला आपल्या डोळ्यांनी दिसे. अशाने किती तरी जणांचे हात हॉलिसने सुधारले होते.

आमच्या डोंगरात मुलगी स्वतंत्र राहायला निघाली की आई गोधडी देते आणि बाप पिस्तूल देतो. हॉलिसची बायको डेल्फी आजारी पडली तेव्हाच तिने लेनोराची गोधडी शिवून ठेवली होती. ती गेली आणि मागे गोधडी उरली आणि तिने पिल्लापासून वाढवलेला सॉर्घम उरला. लेनोराला खालच्या गावात वृद्धाश्रमात काम लागले, भाड्याचे छोटे घर मिळाले. म्हणून एका शनिवारी हॉलिस काउंटरपाशी आला आणि त्याने माझ्याकडे बोट केले.

झेल्माने मला बाहेर काढले, पण हातात दिले नाही. “मास्तर, बूट घेताना पाय घेऊन जाता ना दुकानात? मग पिस्तूल घेताना हात का नाही आणला?”

“तिचा हात लहान आहे,” हॉलिस म्हणाला. “आणि वाढदिवसाला द्यायचंय. आधी दाखवलं तर काय मजा.”

लहान हाताला लहान पिस्तूल. मित्रांनो, आमच्या भागातल्या बापांची आणि नवऱ्यांची ही चूक इतकी जुनी आहे की ती चूक आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. हॉलिसने मला वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोके एकमेकांना चिकटून पडली. त्याने ती ताटली अभिमानाने झेल्माला दाखवली. मलाही अभिमान वाटला. हातात धरून, उभे राहून त्याने मला एकदाही चालवले नाही.

वाढदिवसाच्या दिवशी लेनोराने झेल्माच्या दुकानामागे मला पहिल्यांदा चालवले. तिसऱ्या गोळीला तिच्या अंगठ्याजवळची कातडी फाटली. मला ती ओल जाणवली. पाच गोळ्या संपल्यावर तिने मला बापाच्या हातात दिले आणि आपला हात कोटाच्या खिशात घातला.

“छान आहे, डॅडी,” ती म्हणाली.

ताटलीवर दोनच भोके होती, दोन्ही अगदी खालच्या कडेला. हॉलिसने ती पाहिली. रिकाम्या काडतुसाची युक्ती त्याला तेव्हा आठवली असणारच. पण वाढदिवसाच्या दिवशी आपल्या मुलीला कसे लाजवायचे, असे त्याला वाटले असावे. सवयीने जमेल, एवढेच तो म्हणाला. तिने मान डोलावली. प्रेमाच्या माणसांत अशी गप्प राहण्याची स्पर्धा लागते, आणि त्यात कोणीच जिंकत नाही.

तिने खरोखर खूप प्रयत्न केला. कामावरून आली की मला रिकामे करून ती भिंतीकडे नेम धरून चाप ओढीत राही. रिकामे असताना मी तिच्या हातात स्थिर असे. गोळ्या भरल्या की तिचा हात बदले. म्हणून शेवटी तिने ते पत्र लिहिले.

त्या पत्राचे पुढे काय झाले ते मला फार उशिरा कळले. हॉलिसने ते वाचले, डेल्फीचे जड पिस्तूल कपाटातून काढले, झेल्माकडून माझ्याच जातीचे एक मागून घेतले आणि शनिवारमागून शनिवार दोघांची तुलना केली. पिशवीवर टेकवून. दोघांच्या गोळ्या सारख्याच चिकटून पडत. म्हणजे पुस्तकाप्रमाणे उत्तर असे होते की पिस्तुलात काही दोष नाही. आणि पिस्तुलात दोष नाही असे लिहायचे म्हणजे हात वाईट असे लिहायचे. ते त्याच्याने लिहवेना. खोटेही लिहवेना. त्याने कागद घेतले, वर ‘लाडक्या लेनोरास’ लिहिले आणि तेवढ्यावरच ठेवून दिले.

इकडे लेनोरा रोज सॉर्घमला घेऊन रस्त्याकडेच्या टपालपेटीपर्यंत जाई. पेटीत विजेचे बिल असे, बियाण्यांच्या जाहिराती असत. परत येताना ती सॉर्घमला म्हणे, “उद्या येईल. डॅडींना एक ओळ लिहायला आठ पुस्तकं वाचावी लागतात.”

पुढचे मला सांगवत नाही, पण सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही. ऑक्टोबरातल्या एका सकाळी, धुके अजून ओढ्यावर असताना, ती कामावर निघाली होती. अंगणात सॉर्घम विचित्र ओरडला. कुंपणापलीकडच्या चढावरून एक कायोटी, म्हणजे आमच्याकडचा लांडग्याच्या जातीचा कोल्हा, झोकांड्या खात खाली येत होता. त्याच्या तोंडाला फेस होता. पिसाळलेला होता. सॉर्घम म्हातारा झाला होता, तरी तो तिच्या आणि त्या जनावराच्या मध्ये जाऊन उभा राहिला. तिने हाका मारल्या. तो हलला नाही.

तिने मला बाहेर काढले. नेम बरोबर होता. मी तिच्या हातात होते, म्हणून मी शपथेवर सांगू शकते. कायोटी वर चढावर होता, सॉर्घम खाली, त्याच्या पुढे. मधे भरपूर जागा होती. डेल्फीचे पिस्तूल असते तर गोष्ट वेगळी झाली असती. पण तिने चाप ओढला आणि गोळी सुटण्याच्या आधीच्या त्या निमिषात तिच्या हाताला माझा दणका आठवला. हात खाली वाकला. माझी नळी खाली वाकली.

आवाजाने कायोटी पळून गेला. सॉर्घम पळाला नाही.

ती त्याच्याजवळ बसून राहिली. मी गवतात पडले होते, माझ्यावर दव जमत होते. त्याने एकदा शेपटी आपटली, जणू एखादे वाक्य संपले. मग ती आत गेली आणि आईची गोधडी घेऊन आली. सफरचंदाच्या झाडाखाली तिने त्याला त्या गोधडीत गुंडाळून पुरले. आईने मागे ठेवलेल्या दोन्ही वस्तू एकाच खड्ड्यात गेल्या.

त्याच दुपारी तिने मला बापाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवले. काय झाले ते तिने थोडक्यात सांगितले. मग म्हणाली, “तुमचं पिस्तूल चांगलं आहे, डॅडी. माझाच हात वाईट.”

हॉलिसने तोंड उघडले. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतक्या आतुरतेने कोणाच्या शब्दांची वाट पाहिली नाही. त्याचे ओठ हलले.

“कॉफी ठेवू?” तो म्हणाला.

“नको. गाडी चालूच ठेवलीये,” ती म्हणाली, आणि गेली.

काही आठवड्यांत ती मिशिगनला मावशीकडे गेली ती तिकडचीच झाली. दर नाताळला तिचे एक कार्ड येई. छापील शुभेच्छा, खाली नुसते नाव. हॉलिस ते पुस्तकांच्या फळीवर उभे करी आणि ईस्टरपर्यंत काढत नसे. शनिवारचे जाणे त्याने बंद केले. मला त्याने बुटाच्या खोक्यात घालून कपाटात सर्वांत वर ठेवले आणि कपाटाला कुलूप लावले. तिथे माझ्यावर धूळही नीट बसेना, इतके ते खोके घट्ट होते. अंधारात मी विचार करीत असे की दोष कोणाचा. मला कधी ठरवता आले नाही. मी फार विचार करणारी वस्तू नाही.

मग या नाताळच्या कार्डावर नावाच्या वर दोन ओळी आल्या. हॉलिस आता खूप थकला आहे, त्याची मनगटे वाळली आहेत, आणि एकटा असला की तो मोठ्याने वाचतो. म्हणून मला खोक्यातून ऐकू आले. “शेजारी कुत्र्याचं पिल्लू देत होते. फार गोड होतं. नको म्हटलं. माझ्या हाताचा भरवसा नाही.”

त्याने ते पुन्हा वाचले. मग शिडी ओढल्याचा आवाज आला.

झेल्माचे दुकान तसेच होते, गांडुळांच्या वासासकट. ती स्वतः मात्र काठी टेकीत आली. खोके पाहून म्हणाली, “इतक्या वर्षांनी परत करायला आणलंत? पावती दाखवा, मास्तर.”

तो हसला नाही. “हे भर,” तो म्हणाला. “पाठ फिरवून भर. मधे एक रिकामं घाल. कुठं ते मला सांगू नको.”

झेल्माची थट्टा तिथेच थांबली. आपली युक्ती आपल्यावर आपल्याच हाताने करता येत नाही. भरायला दुसरे कोणी लागते. तिने पाठ फिरवून मला भरले आणि मला घेऊन ती दुकानामागे गेली. फळीवर तिने नवी ताटली ठोकली. हॉलिस उभा राहिला. पिशवी नाही, टेबल नाही. घोडाही आधी चढवला नाही. लेनोराने ओढला होता तसा लांब, जड चाप त्याने ओढला. करंगळी खाली लोंबकळत होती.

पहिली गोळी सुटली आणि तो हिसक्याने मागे सरला. दुसरी सुटली. त्याच्या अंगठ्याजवळ मला तीच जुनी ओल जाणवली. तिसऱ्या वेळी त्याने चाप ओढला आणि माझा घोडा रिकाम्यावर पडला. खट्‌. गोळी नव्हती. दणका नव्हता. तरी त्याचा हात, आयुष्यभर पिस्तुले पारखलेला तो हात, कोंबडीने दाणा टिपावा तसा खाली गेला.

माझी नळी जमिनीकडे होती. मग उरलेल्या गोळ्या झाडून तो ताटलीपाशी गेला. तिच्यावर तीन भोके होती. सगळी खालच्या कडेला. चौथी गोळी ताटलीला लागलीच नव्हती.

“तिची अशीच होती,” तो म्हणाला. “वाढदिवसाची. मी पाहिली होती, झेल्मा.”

झेल्मा काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. “मीसुद्धा पाहिली होती,” ती म्हणाली.

“मारायला हात उगारला की लेकरू मान खाली घालतं,” हॉलिस म्हणाला. “ते वाईट लेकरू असतं म्हणून नाही.” आणि मग तो ताटली छातीशी धरून त्या फळीसमोर रडला, म्हातारी माणसे रडतात तसा, आवाज न करता. झेल्माने तोंड टेकडीकडे फिरवले.

मित्रांनो, मला उपदेश करण्याचा अधिकार नाही. पण माझ्यासारखी वस्तू कुठे दिसली तर तिला हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा. आम्हाला आमची चूक परत घेता येत नाही. आणि कोणाला काही द्यायचे असेल तर वस्तूचे कौतुक नंतर करा, ती धरणारा हात आधी पाहा. तो हात दुखतो असे कोणी लिहून कळवले, तर बरोबर उत्तर सापडेपर्यंत थांबू नका. चुकीचे, अर्धवट, कसेही उत्तर द्या. टपालपेटीपाशी जाणारी पावले त्या बरोबर उत्तरासाठी थांबून राहत नाहीत.

हॉलिसने मला परत न्यायचे नाही, असे आधी ठरले होते. यापुढे जो कोणी लहान हातासाठी लहान पिस्तूल मागेल त्याने आधी मला उभे राहून चालवायचे, मग विकत घ्यायचे, असा झेल्माने नियम केला आहे. त्यासाठी मला दुकानात राहायचे होते. पण त्या दिवशी तो म्हणाला, उद्या आणून देतो, आज बरोबर असू दे. म्हणून मी गाडीत त्याच्या शेजारच्या सीटवर खोक्यात होते, आणि खोक्यावर एक मोठे, चपटे पाकीट होते.

पाकिटात ती ताटली होती. तिच्या कडेने, जिथे एरवी पावाचा तुकडा ठेवतात तिथे, त्याने दुकानातल्या काउंटरवर बसून लिहिले होते. या वेळी ‘लाडक्या लेनोरास’च्या पुढेही लिहिले होते: “ही ताटली माझी आहे. तुझंच पिस्तूल, उभं राहून, सात पावलांवरून. माझा हातही वाकला. तू विचारलं होतंस. तुझा हात चांगला होता. तेव्हाही चांगला होता. तुझा, डॅडी.”

हॉलिसच्या घराकडे वळणाऱ्या रस्त्याच्या टोकाशी त्याची टपालपेटी आहे. त्याने पाकीट आत ठेवले, आत न्यायचे टपाल आहे अशी खूण म्हणून पेटीचा लाल पत्र्याचा झेंडा वर केला, गाडीत येऊन बसला, पुन्हा उतरला, पाकीट बाहेर काढून पत्ता वाचला आणि पुन्हा ठेवले. मग तो तिथेच थांबला. टपाल नेणारी मेरिबेथ तिच्या गाडीतून आली, तेव्हा तो खिडकीतून म्हणाला, “ते वाकवू नकोस हं.”

“एवढं काय आहे, मास्तर?” तिने पाकीट उजेडात धरले. आतल्या भोकांतून उजेडाचे तीन बारीक ठिपके दिसले.

“उत्तर आहे,” हॉलिस म्हणाला.

तिने ते बाकीच्या टपालावर सपाट ठेवले, लाल झेंडा खाली केला, आणि तिची गाडी ओढ्याच्या वळणावरून पुढे गेली.